सांडू तुप्याचा उजवा हात

शहरातल्या छावणीच्या गुरुवारच्या जनावरांच्या बाजारात सांडू तुपे ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. बैलांपैकीही निम्मे त्याला ओळखत असावेत, कारण तो समोर आला की भलेभले मारके गोऱ्हे गुमान उभे राहायचे. फुलंब्रीचा राहणारा, वय पंचावन्न, अंगानं नुसतं चिपाड, पण मिशा अशा की दोघांत वाटल्या तरी पुरून उरतील. घरी दोन एकर कोरडवाहू होतं, ते बायको द्वारकाबाई बघायची. पोरगा कृष्णा वाळूजला कंपनीत होता. सांडूचा जीव सगळा जनावरांच्या दलालीत. तीस वर्षं दर गुरुवारी सकाळी सातच्या आत तो बाजारातल्या लिंबाखाली हजर. सासरा वारला त्या गुरुवारीसुद्धा हा गडी दोन सौदे उरकून मग मौतीला गेला होता. द्वारकाबाईनं ते अजून माफ केलेलं नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

आता तिथला सौदा कसा व्हायचा ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही. जनावराचा भाव बाजारात चारचौघांत बोलत नाहीत. गिऱ्हाईक आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली गिऱ्हाईक दलालाची बोटं दाबतं. एक बोट म्हणजे दहा हजार, चार बोटं म्हणजे चाळीस. याला म्हणायचं हत्ता. वर तोंडानं पावसापाण्याच्या, लग्नकार्याच्या गप्पा चालू, खाली बोटं बोलतायत, आणि बघणाऱ्याला काही म्हणता काही पत्ता लागत नाही. तोंडाचा शब्द फिरवणारे पैशाला पासरी मिळतात, पण दाबलेलं बोट फिरवणाऱ्याला छावणीत पुन्हा कुणी उभं करत नाही.

पोळा महिन्यावर आला होता. त्या गुरुवारी सांडू पहाटेपासून बेजार होता. डोकं असं काही ठणकलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यानं कपाळाला बाम चोळला, वरून उपरणं आवळलं आणि बाजार गाठला. डोकं दुखतं म्हणून घरी बसणारा बाप्या त्यानं जन्मात पाहिला नव्हता. बाजारात देवगाव रंगारीच्या एका शेतकऱ्याची लाल कंधारी बैलजोडी विकायला होती, आणि गिऱ्हाईक होता हबीबभाई.

हबीबभाई कुणी परका नव्हे. छावणीतच राहणारा, सांडूच्याच वयाचा, म्हशींचा व्यापारी. त्या दिवशी ओळखीच्या एका बागायतदारासाठी बैल बघायला आला होता. दोघांची पंचवीस वर्षांची दोस्ती. हुरड्याच्या दिवसांत हबीबभाईचं सगळं खटलं सांडूच्या शेतात येऊन बसायचं आणि द्वारकाबाई हुरडा भाजून भाजून घामाघूम व्हायची. तर हबीबभाईनं हसत हसत टॉवेलाखाली हात घातला, बोटं दाबली, आणि सांडू भडकला.

"दोन?" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या शेळ्या बिथरल्या. "या जोडीला दोन? शेळ्या घ्यायला आलाय काय रे तू?"

हत्त्यातला भाव तोंडानं बोलून दाखवायचा म्हणजे भर बाजारात धोतर सोडायचं. हबीबभाई जागच्या जागी थिजला. "चार पकड्या मैं. अल्लाकसम, चार."

"मला शिकवतो? माझ्या बोटाला कळंना व्हय?"

"कळता है ना? फिर चार कू दो कायकू बोलतू?"

सांडूनं टॉवेल झटकून त्याच्या अंगावर फेकला आणि तीस माणसांच्या देखत म्हणाला, "हबीब, तू खोटारडा हायेस."

झालं. सौदा तर मोडलाच, दोस्तीही मोडली. हबीबभाईनं अंगावरचा टॉवेल लिंबाच्या फांदीवर टाकला आणि चालता झाला. घरी येऊन सांडूनं बायकोला तावातावानं सगळं सांगितलं, तर तिनं भाकरी थापता थापता वरसुद्धा बघितलं नाही. "हबीबभाई खोटं बोलले? व्हईल का कधी! तुमचंच कायतरी चुकलं आसन."

बायको आपली की त्याची, असं सांडूला क्षणभर वाटून गेलं.

पुढचे दोन गुरुवार दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले. तिसऱ्या गुरुवारी हॉटेलातून चहाचे काचेचे ग्लास आले. चहा असा उकळता की बाकीचे ग्लासाच्या काठाला चिमटीत धरून फुंकर मारत होते. सांडू मात्र उजव्या हाताची मूठ ग्लासाभोवती आवळून गप्पा हाणत उभा. वीस पावलांवर हबीबभाई होता. रुसलेला होता, पण नजर कुठं रुसते? तो तरातरा आला आणि त्यानं सांडूच्या हातातला ग्लास हिसकला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लालबुंद झालं होतं.

"जलता नै तेरेकू?"

"काय जळतं?"

हबीबभाईनं त्याचा हात धरून पाठीमागं नेला. "इधर मत देख. बोल, कौनसी उंगली पकड्या?"

"धर तर खरं आधी."

"धरी है."

सांडूनं मान वळवून बघितलं. हबीबभाईनं त्याची दोन बोटं एवढी गच्च धरली होती की नखं पांढरी पडली होती, आणि सांडूला त्यातलं काही म्हणता काही लागत नव्हतं. मग मधलं धरलं, ते कळलं. पहिलं धरलं, तेही कळलं. पुन्हा ती दोन धरली, तर पुन्हा नुसता अंधार.

चार धरली की दोन कळतात, हा हिशोब सांडूला तिथं लिंबाखाली उभ्या उभ्या लागला. हात गेला याचं भय एकीकडं, आणि तीस माणसांदेखत आपण कुणाला खोटारडं म्हणालो याची लाज दुसरीकडं. दोन्ही एकदमच चढलं. तो म्हणाला, "हबीब, दे मला एक ठेवून."

"पैले दवाखाना," हबीबभाई स्कूटरची किल्ली काढत म्हणाला. "मारना बाद में देखेंगे."

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर होत्या विशाखा खरात. वय असेल चाळिशीचं, बोलणं सावकाश, आणि पेशंटनं अर्ध्यात तोडलं तरी चिडायच्या नाहीत. सांडूच्या बाबतीत हा गुण फार उपयोगी पडला. एमआरआय केला तर डोक्याच्या डाव्या बाजूला, जिथं उजव्या हाताला काय लागतंय ते कळतं नेमकं तिथं, रक्ताचा छोटासा डाग दिसला. पहाटेचं ते डोकं ठणकणं हेच होतं. मग मांडीतून बारीक नळी घालून, डोक्याच्या रक्तवाहिन्यांत रंग सोडून फोटो काढले. त्यात काहीच सापडलं नाही, सगळ्या वाहिन्या स्वच्छ.

सांडू खूश होऊन चपला शोधायला लागला. "चला, काय नाय निघालं. कृष्णा, रिक्षा बघ."

"बसा, काका," मॅडम म्हणाल्या. "रक्त आलंय, म्हणजे कुठून तरी आलंय. काही वेळा रक्तवाहिन्यांचा गुंता एवढा बारीक असतो की साकळलेल्या रक्ताखाली दबून जातो, फोटोत येतच नाही. सहा आठवडे थांबू. रक्त विरघळू दे, मग पुन्हा बघू."

हे ऐकून सांडूला पहिल्यांदा या बाईबद्दल आदर वाटला. बैल एकदा फिरवून बघितला, लंगडत नाही, म्हणून घेऊन टाकणारे त्यानं ढीगभर बघितले होते. त्याला पाणी पाजून, बसवून, उठवून, पुन्हा दुपारी येऊन बघणारा एखादाच. "ही बाई बाजारात असती ना," तो बाहेर येऊन हबीबभाईला म्हणाला, "तर आपण दोघं उपाशी मेलो असतो."

ते सहा आठवडे मात्र सांडूला जड गेले. डाव्या हातानं हत्ता करून बघितला, तर पहिलाच शेतकरी दोन पावलं मागं सरला. "तात्या, डाव्या हातानं आमच्यात पाणी बी देत नायत, अन् तुम्ही बैल देता?" मग हबीबभाईनंच तोड काढली. सांडूनं जनावर पारखायचं, दात बघायचे, चाल बघायची, कानात भाव सांगायचा, आणि टॉवेलाखाली हात घालायचा हबीबभाईनं. बाजारात थट्टा सुरू झाली की सांडूनं बोटं भाड्यानं घेतली. सांडू वरवर हसायचा. आतून मात्र त्याला रडू फुटायचं, कारण डोळे आणि डोकं शाबूत असून ज्या हातावर तीस वर्षं नाव कमावलं तोच परका झाला होता.

सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो निघाले. मॅडमनी पडद्यावर पेनाचं टोक ठेवलं. "हा बघा." तुरीच्या डाळीएवढा एक गुंता, वाटीत सांडलेल्या शेवयांसारखा. मागच्या वेळी तो तिथंच होता, दिसत नव्हता एवढंच.

मग मॅडमनी सगळं उलगडून सांगितलं. नुसतं सोडून दिलं तर तो पुन्हा फुटू शकतो, दर वर्षी शंभरात दोन-चार जणांचा फुटतो, आणि दुसऱ्यांदा फुटला तर किती रक्त येईल ते सांगता येत नाही. कवटी उघडून काढता येतो, पण तो हाताच्या जाणिवेच्या मधोमध बसलाय, काढताना उरलेली तीन बोटंही जाण्याची भीती मोठी. तिसरा रस्ता किरणांचा. चाकू नाही, टाके नाहीत. चहूबाजूंनी बारीक किरण नेमके त्या डाळीवर आणायचे, बाकी मेंदूला धक्का लावायचा नाही. किरण लागलेल्या वाहिन्या हळूहळू आतून जाड होतात आणि बंद पडतात.

"हळूहळू म्हंजे किती?"

"दोन ते तीन वर्षं."

"तीन वर्षं!" सांडूमधला दलाल खडबडून जागा झाला. "मॅडम, एवढं नका ताणू. सहा महिने करा."

"काका, हे माझ्या हातात..."

"बरं, वर्ष. तुमचं नाय, माझं नाय. वर्षावर सोडा."

कृष्णानं शरमेनं भिंतीकडं तोंड केलं. हबीबभाईला हसू आवरेना. मॅडमनी मात्र हसू दाबत अगदी गंभीरपणे सांगितलं, "किरण घासाघीस करत नाहीत, काका. आणि खरं सांगते, तोवर फुटायची भीती आहे तशीच राहते. दहातल्या सात-आठ जणांचा पूर्ण बंद होतो. नाही झाला तर पुन्हा किरण द्यावे लागतात. आणि तोवर जड वजन उचलायचं नाही."

तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात बसलेली द्वारकाबाई उठली. ती दवाखान्यात तोंड उघडायची ही पहिलीच खेप. "ताई, कापायचं नाय. किरणंच द्या. हात ह्यांचा जीव हाय." आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "तीन वर्षं मी बघते तुम्ही कसे वजन उचलता ते."

किरण द्यायचा दिवस सोमवारचा होता. सकाळी सांडूच्या कपाळावर आणि मागं चार ठिकाणी भुलीची सुई देऊन, चार बारीक खिळ्यांवर डोक्याभोवती धातूची चौकट आवळली. डोकं केसभरसुद्धा हलू नये म्हणून. बाहेर बाकावर द्वारकाबाई पदरात तोंड घालून रडत होती. दार उघडलं आणि सांडू चौकट घालून, मिशा तेवढ्या खालून बाहेर काढून, ढकलगाडीवर ताठ बसून आला. तिनं वर बघितलं. आधी ती दचकली, मग तिला अशी काही हसण्याची उबळ आली की नर्स पाणी घेऊन धावली.

"हास, हास," सांडू म्हणाला. "जन्मभर बैलांच्या तोंडाला दोराची मोरकी घातली, आज माझ्या डोस्क्याला बसली."

"नौशा लगता है, एकदम दूल्हा," हबीबभाई म्हणाला. "बस, सेहरा बांधना बाकी है."

चौकटीसकट पुन्हा फोटो झाले. मग मॅडम आणि त्यांची माणसं तीन तास संगणकापुढं बसून किरण कुठून किती सोडायचे ते ठरवत राहिली, आणि सांडू चौकट सांभाळत बाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली कथा सांगत राहिला. दुपारी त्याला एका मोठ्या यंत्राखाली झोपवलं, चौकट पलंगाला पक्की केली. यंत्र हळूच घरघरलं, डोक्याभोवती सावकाश फिरलं. सांडू डोळे मिटून, दात आवळून कळ यायची वाट बघत पडला. वाट बघून बघून कंटाळला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, सुरू तरी करा."

"झालं, काका. उठा."

त्याला ते पटेना. संध्याकाळी चौकट काढली, चार ठिकाणी चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी घरी.

घरी खरी परीक्षा होती. डोक्याचं ऑपरेशन म्हटल्यावर अर्धं फुलंब्री बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला आलं. भेटायला येणाऱ्यांचा एक हक्क असतो, टाके बघायचा. सांडूकडं टाके नव्हते. मुंगी चावल्यासारखे चार ठिपके होते, ते बघून लोकांची तोंडं उतरली. शेजारच्या गीताबाईंनी तर त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून उजेडात फिरवून बघितलं. "केस बी नाय कापला! द्वारके, फसवलं बघ तुम्हाला."

"अहो, किरणं सोडली आतमधी."

"कोणी बघितली?"

"कोणी कशी बघतील? दिसत नायत ती."

"तेच म्हणते मी," गीताबाई म्हणाल्या आणि आणलेला पुडा जाताना परत न्यावा की काय अशा विचारात बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या गेल्यावर सांडू आणि द्वारकाबाई एकमेकांकडं बघून पोट धरधरून हसले. हसता हसता सांडूला मात्र एकदम भीती वाटली. खरंच, दिसत तर काहीच नव्हतं. डोक्यात ती डाळ होती तशीच होती, आणि ती उद्या फुटेल की तीन वर्षांनी मिटेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बोटांचं काम वेगळं. रक्ताचा डाग विरघळत चालला होता आणि मॅडमचं म्हणणं असं, की बोटांना पुन्हा शिकवलं तर शिकतील. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, डब्यात ज्वारी भरा, आत किल्ली, बटण, सुपारी लपवा आणि न बघता ओळखा. सांडूनं दोन दिवस ते केलं आणि तिसऱ्या दिवशी डबा सरकवून दिला. "मी काय कोंबडी हाय काय, ज्वारीत चिवडत बसायला?"

द्वारकाबाईनं दांडीवरचा टॉवेल ओढला, त्याच्यापुढं मांडी घालून बसली आणि आपला हात टॉवेलाखाली घातला. "शिकवा मला तुमचा हत्ता."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. तेहतीस वर्षांत अंतरपाट सुटला तेव्हा भटजींनी दिला तेवढाच तिचा हात त्यानं हातात घेतला होता. नंतर भाकरी घेतली, चहा घेतला, पण हात कशाला कोण घेतो? दिवसाउजेडी, दार उघडं, आणि बायको बोटं दाबतेय म्हटल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"किती धरली?"

"दोन."

"चार हायेत. पुन्हा सांगा."

असा रोज संध्याकाळच्या चहानंतर घरात बाजार भरायला लागला. पहिले तीन महिने नुसतं दोन, दोन, दोन. मग द्वारकाबाईनं सौद्याला माल आणला. "ह्या उन्हाळ्यात मी माहेरी किती दिवस राहू, बोला." आणि चार बोटं दाबली. सांडू म्हणाला, "दोन." "नीट बघा." "दोनच लागतायत." "मुद्दाम म्हणता तुम्ही!" "आईच्यान, दोनच लागतायत!" त्यावरून अशी जुंपली की गीताबाई भिंतीपलीकडून डोकावल्या. तेहतीस वर्षांत तिनं कधी कशाचा भाव केला नव्हता, मिळेल ते पदरात घेतलं होतं. आता टॉवेलाखाली ती अशी अडून बसायची की सांडूला छावणीतले भलेभले आठवायचे. घरची म्हैस विकायची नाही, हे तिनं टॉवेलाखाली मिळवलं. बापाच्या मौतीला उशिरा आल्याबद्दल माहेरी सगळ्यांदेखत माफी मागायची, हेही टॉवेलाखालीच मिळवलं, आणि सांडूनं ती तिथं जाऊन खरोखर मागितली.

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी तिनं बोटं धरली आणि सांडू बोलायचाच थांबला.

"काय झालं? डोकं दुखतंय?" तिनं घाबरून बोटं ढिली केली.

"थांब. सोडू नको." तो डोळे मिटून बसला होता. "तीन. द्वारके, तिसऱ्याला कायतरी लागतंय. मुंग्यावाणी. पण लागतंय!"

द्वारकाबाईनं टॉवेल डोळ्यांना लावला तो किती वेळ काढलाच नाही.

पावणेदोन वर्षांनी मॅडमनी बोटं तपासून, वजन उचलायचं नाही या अटीवर, बाजारात हत्ता करायची परवानगी दिली. त्या गुरुवारी लिंबाखाली ही गर्दी. हबीबभाईनं बाह्या सावरल्या, टॉवेल टाकला, हात घातला. सगळे श्वास धरून उभे. सांडू वर तोंडानं म्हणाला, "औंदा पाऊस बरा दिसतोय." हबीबभाई म्हणाला, "हौ, मका जोरदार है." टॉवेल दोनदा हलला, तीनदा हलला, आणि सांडूनं हबीबभाईला गच्च मिठी मारली. भाव किती ठरला ते कुणाला कळलं नाही. म्हणजे हत्ता अगदी रीतसर झाला होता. सगळ्या बाजारानं टाळ्या वाजवल्या.

पण डोक्यातली डाळ अजून होतीच. वर्षाला एक एमआरआय व्हायचा, मॅडम म्हणायच्या लहान होतोय, अजून थोडं थांबू. आणि तीन वर्षं पुरी झाल्यावर पुन्हा नळी घालून शेवटचे फोटो काढायचा दिवस आला. सांडूनं त्या दिवशी कुणाशी घासाघीस केली नाही. नुसता आढ्याकडं बघत पडून राहिला.

दुपारी मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. पडद्यावर दोन फोटो होते. "हा तेव्हाचा. हा आजचा." जुन्या फोटोत शेवयांचा गुंता. नव्यात त्या जागी काही नाही.

सांडू चष्मा पुसून पुढं झाला. त्याचा आवाज खाली आला होता. "मॅडम, पहिल्या खेपेला बी काय दिसलं नव्हतं. ते तसलं न दिसणं तर नव्हं?"

मॅडमना हा प्रश्न फार आवडलेला दिसला. "तेव्हा तो लपला होता, काका. आता कुठं बसला होता ते आपल्याला नेमकं माहीत आहे. सगळ्या बाजूंनी बघितलं. बंद झालाय. पूर्ण."

"म्हंजे आता फुटणार नाय?" द्वारकाबाईनं विचारलं.

"नाही, मावशी. काळजी सोडा."

द्वारकाबाईनं वर बघून हात जोडले. मग तिनं जे सांगितलं ते सांडूनंही पहिल्यांदाच ऐकलं. तीन वर्षं रोज ती त्याच्याआधी उठायची, त्याच्या नाकापुढं हात धरायची, श्वास लागला की मगच चूल पेटवायची. बोलताना ती हसत होती, आणि डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या. सांडूनं तीन माणसांदेखत तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हबीबभाई खिडकीतून बाहेर बघायला लागला, आणि सगळ्यांना पेढे आणायला तोच पळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुलंब्रीला चहा झाला. द्वारकाबाईनं तो टॉवेल धुऊन दांडीवर वाळत घातला होता. ती परात घेऊन ओट्यावर मेथी निवडायला बसली. सांडू मिशीला पीळ देत आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी तिच्यासमोर येऊन बसला.

"द्वारके, करंगळी अजून जराशी बधिर वाटती."

"कालच तर मॅडमला सांगितलंत, समदं बरं हाय."

"ते मोठ्या बोटांचं सांगितलं."

तिनं मेथीची काडी मोडता मोडता त्याच्याकडं रोखून बघितलं. "अन् अंगठा?"

"अंगठ्याचं बी काय खरं नाय."

"अंगठा तर कधी गेलाच नव्हता तुमचा."

"आता जायला लागला," सांडू म्हणाला आणि दांडीवरचा ओला टॉवेल ओढून त्यानं दोघांच्या मधे पसरला.

द्वारकाबाईनं हात पदराला पुसले, परात बाजूला सरकवली आणि हात पुढं केला. या खेपेला बोटं सांडूनं दाबली. एक नाही, दोन नाही, पाचही धरली, आणि सोडलीच नाहीत.

"पाच म्हंजे काय?" तिनं विचारलं.

"ते तूच ठरव."

त्या दिवशी मेथी निवडायची तशीच राहिली, आणि रात्री दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली.